शब्दचर्चा : शोध, संशोधन, पाहणी आणि कौल

फोंड्याचा मामा :
भाचीच्या समाजशास्त्राच्या वहीत प्रश्न होता, 'समाजशास्त्रज्ञ संशोधन का करतात?' तिने लिहिलं, 'माणसांच्या वागण्याचा शोध लावण्यासाठी.' बाईंनी 'लावण्यासाठी' खोडून लाल शाईत 'घेण्यासाठी' केलं. एका शब्दानं काय बिघडलं, असं ती विचारते आणि मला धड सांगता येत नाही. त्यात हिंदी बातम्यांतलं 'संविधान संशोधन' ऐकून ती आणखी गोंधळलीय.

साखळीवाली :
बाईंचं बरोबर आहे. शोध लावतात तो आधी कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टीचा. शोध घेतात तो हरवलेल्या माणसाचा, नाहीतर कारणाचा. लोकांचं वागणं रोज डोळ्यांसमोर असतं, त्याचा शोध काय लावणार? दिसत नाही ते त्यामागचं कारण.

'संशोधन'मध्ये धातू आहे शुध्, म्हणजे स्वच्छ करणे. हिंदीनं दुरुस्तीचा अर्थ उचलला, म्हणून त्यांचं संविधान संशोधन ही आपली घटनादुरुस्ती. आपल्याकडचं संशोधन त्यांच्याकडे शोध किंवा अनुसंधान. मला विचाराल तर समाजशास्त्राला मराठी शब्दच चपखल बसतो, कारण तिथं आधी आपल्याच समजुतींतले खडे निवडावे लागतात. आत्महत्या म्हणजे ज्याच्या त्याच्या मनातलं दुःख, असंच सगळे धरून चालतात. फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यानं १८९७ च्या पुस्तकात सरकारी नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. प्रोटेस्टंट वस्तीत प्रमाण कॅथलिक वस्तीपेक्षा जास्त, आणि वर्षामागून वर्षं साधारण तेवढंच. माणसं दरवर्षी वेगळी, आकडा तोच! मग कारण एकेकट्याच्या मनातच कसं असेल? त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण प्रश्न विचारायची रीत टिकली.

पेडण्याचा :
एवढा जड शब्द कशाला? 'पाहणी' म्हणा. नाहीतर गोव्याचा आपला 'कौल' आहेच की. १९६७ चा जनमत कौल!

साखळीवाली :
कौल नको हो. देवळात पाकळ्या लावून कौल घेतात, तेव्हा उजवी पडली की डावी एवढंच बघतात. का पडली हे देवाला कोण विचारतं? १६ जानेवारी १९६७ लाही तसंच झालं. मतपत्रिकेवर फूल म्हणजे गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश, केंद्रशासित. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली आणि निकाल लागला. कुणी कशापायी कुठं शिक्का मारला, हे त्या आकड्यात नाही. इंग्रजी नाव 'ओपिनियन पोल' असल्यामुळे बाहेरच्यांना ती मतचाचणी वाटते. चाचणीत थोडी माणसं नमुना म्हणून घेतात. इथं मतदान झालं होतं.

फोंड्याचा मामा :
पाहणीचंही एक दुखणं आहे. श्रावणात आमच्या वाड्यावर कागद घेऊन फिरलात तर घरोघरी 'आम्ही नुस्तं खात नाही', म्हणजे मासे खात नाही, असंच लिहून मिळेल. मी मागच्या दारी बसतो म्हणून सांगतो, नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली, येते तेव्हा पाटी भरलेली असते आणि जाताना तळ दिसतो.

साखळीवाली :
मामा, अगदी हेच! अमेरिकेत रिचर्ड लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर प्रवासात २५१ हॉटेलं-खाणावळी फिरला. चिनी लोकांविषयी तिथं तेव्हा उघड आकस होता, तरी नकार मिळाला एकाच ठिकाणी. नंतर त्याच जागांना पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर दिलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी 'नाही' कळवलं. हे १९३४ मध्ये छापून आलं. आता पत्रं कुणी वाचली, दारात कोण उभं होतं, यावर तेव्हापासून भांडणं आहेत. पण 'मत' आणि 'वर्तन' हे दोन शब्द वेगळे का ठेवायचे, ते भाचीला यावरून कळेल. पाहणीत मत मिळतं. वर्तनासाठी मागच्या दारी बसावं लागतं. पुस्तकात त्याला 'सहभागी निरीक्षण' म्हणतात.

फोंड्याचा मामा :
म्हणजे मी इतकी वर्षं संशोधनच करतोय! बायकोला सांगतो.

पेडण्याचा :
पाहणीचा शब्द मागे घेतो. भाचीला एवढंच सांगा, 'नमुना' हा शब्द वहीतच ठेव. कॉलेजात असताना एका पाहणीच्या कामावर होतो. एका म्हातारीला म्हटलं, आजी, तुमचं घर नमुना म्हणून निवडलंय. ती म्हणाली, 'नमुनो तूं आनी तुजो बापूय!' चहा मात्र दिला. पुढच्या घरापासून मी 'चिठ्ठीत तुमचं घर आलंय' म्हणायला लागलो.