गोष्ट वाचून झाली की वर्ग गप्प, चर्चा कशी घ्यायची?

चौथीला शिकवते. गोष्ट वाचताना पोरं एकदम रंगून जातात पण नंतर विचारलं की काय आवडलं तर सगळे "छान होती टीचर" आणि विषय संपला, बोलतात तेच तीन-चार जण. काही अ‍ॅक्टिव्हिटी सुचवा ना, वर्कशीट सोडून.

— आधी एक सांगा, प्रश्न विचारल्यावर थांबता किती? मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली टेप ऐकून बघितलं तर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत होते, ३ सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारेही बोलतात. मनात मोजा, ३ सेकंदसुद्धा फार वाटतात!

— "का आवडलं" नका विचारू, मुलांना वाटतं परीक्षाच आहे. "काय कोडं पडलं" विचारा. माझ्याकडे एकजण म्हणाला, राक्षसाला कुणी नावच का नाही दिलं? अर्धा तास त्यावरच गेला, घंटा झाली तरी भांडत होते.

— जोड्या लावा. आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गात, आणि सांगायचं ते शेजाऱ्याचं मत, स्वतःचं नाही. लाजरी मुलं यात हमखास खुलतात, ऐकावंही लागतं.

— आणि तात्पर्य शेवटी तुम्ही सांगू नका प्लीज. एकदा कळलं की टीचर उत्तर देणारच, मग कोण कशाला डोकं चालवेल

— हे मी दर वेळी करते 🙈 उद्या कोड्यांचं करून बघते.