मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात प्रायमर खरखरीत बसतोय

सीताबर्डीच्या लढाईसाठी (२६-२७ नोव्हेंबर १८१७) २८ मिमी उंचीचे ४० खेळण्यातले शिपाई रंगवायला घेतलेत. भोसल्यांकडचे अरब आणि कंपनीचे मद्रासी पायदळ, दोन्ही धातूचे. साच्याच्या रेषा बारीक कानशीने काढल्या, भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवले. म्हणजे तेलकटपणाचा प्रश्न नाही.

अडचण प्रायमरची, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराची. स्प्रे कॅन २५ सेमीवरून मारला की छातीवर गुळगुळीत, पण काखेत आणि कमरबंदाच्या घड्यांत रव्यासारखे दाणे. ४४-४५ अंशांत थेंब हवेतच वाळतात, हे उघड आहे. पहाटे साडेपाचला, १५ सेमीवरून, छोट्या झटक्यांत मारला तर दाणे कमी झाले. पण जवळून मारल्याने चेहऱ्यावर थर जाड झाला, डोळेच बुजले. कूलरसमोर मारायचा सल्ला कृपया नको, ओलाव्याने पृष्ठभाग पांढुरका पडतो.

तर विचारायचंय:

ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर दोन पातळ हातांत धातूवर टिकतो का? बंदुकीच्या नळीवरून आणि संगिनीच्या टोकावरून तो आधी निघतो, असं वाटतं.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर ०.३ की ०.४ मिमीची सुई? रिटार्डर (रंग हळू वाळवणारा द्रव) किती थेंब? जास्त झाला तर रंग दिवसभर चिकट राहतो.

आणि दाणे बसलेले ११ शिपाई: आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवून टूथब्रशने घासावेत, की काही सौम्य उपाय आहे? तळ सुपरग्लूने चिकटवलेत, ते सुटायला नकोत.