मदत हवी आहे: शेवटपर्यंत बंद जागेतच घडणारी रहस्यमय मांगा (जपानी चित्रकथा) सुचवा

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच मांगा घ्यायचं ठरलंय आणि निवड माझ्याकडे आली आहे. विषय मीच सुचवला: एका जागी कोंडलेली माणसं आणि त्यांच्या मनात हळूहळू काय होत जातं. अशा गोष्टींची मला फार ओढ आहे. पण हव्या त्या गोष्टीवर बोट ठेवता येत नाहीये.

सगळ्यात आधी डोळ्यासमोर आली ती मिनेतारो मोचिझुकी यांची 'ड्रॅगन हेड'. शाळेच्या सहलीवरून परतणारी शिंकान्सेन (जपानची बुलेट ट्रेन) भूकंपाने बोगद्यात घसरते, बाहेर पडायच्या वाटा बुजतात. तेरू, आको आणि नोबुओ एवढेच जिवंत. पानंच्या पानं काळ्या शाईची आणि त्यात टॉर्चच्या उजेडापुरता एखादा चेहरा. नोबुओला अंधाराची अशी धास्ती बसते की शेवटी तो अंधारालाच शरण जातो, मेकअपच्या सामानाने अंगभर नक्षी काढून घेतो. तरीही त्याला दुष्ट म्हणवत नाही, कारण त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हे सांगता येत नाही. बोगद्याचा तो भाग मी मिळेल त्याला वाचायला देते.

पण तेरू-आको बाहेर पडतात आणि गोष्टीचा बाज बदलतो. राखेने झाकलेला मुलूख, टोकियोकडची वाट. चांगलं आहे, पण मग ती प्रवासाची गोष्ट होते. शिवाय १० खंड!

'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चंही तेच. अनाथाश्रमातली 'मॉम' इझाबेला हसतमुखाने पाळत ठेवते आणि एमा, नॉर्मन, रे तितक्याच हसतमुखाने तिच्यासमोर पळून जायचे बेत करतात. या तणावाला माझ्या लेखी तोड नाही. पण पाचव्या खंडात मुलं आश्रमाबाहेर जातात आणि पुढे आणखी १५ खंड उरतात.

तर मला हवी आहे छोटी मांगा, चार-पाच खंडांत आटोपणारी. जागा बंदच राहावी, माणसं एकमेकांवर संशय घेत राहावीत आणि रहस्याचे धागेदोरे वाचकाला आधीपासून दिलेले असावेत. भुताखेताने येऊन उलगडा करून टाकलेला नको. उगाच रक्तपातही नको. इंग्रजी अनुवाद असला तरी चालेल.

प्रतिसाद १

काझुओ उमेझू यांची 'द ड्रिफ्टिंग क्लासरूम' (१९७२-७४) वाचली आहे का? अख्खी प्राथमिक शाळा मुला-शिक्षकांसकट गायब होऊन ओसाड वाळवंटात येते. आधी मोठी माणसं कोलमडतात. मुलांना जेवण पोचवणारा सेकिया अन्नाचा साठा बळकावतो, तो प्रसंग विसरता येत नाही. तुमच्या अटींत पूर्ण बसत नाही, लांबीही बरीच आहे. पण सवडीने वाचाच.

प्रतिसाद २

योशिकी तोनोगाई यांची 'डाउट' घ्या. २००७ ते २००९ मध्ये आली, चारच खंड. मोबाइलवर 'रॅबिट डाउट' खेळणारी तरुण मुलं पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटतात आणि शुद्धीवर येतात ती एका पडक्या इमारतीत. खेळात सशांनी आपल्यात लपलेला लांडगा शोधायचा असतो, इथेही तेच. प्रत्येकाच्या अंगावर एक बारकोड आणि त्याने एकच दार उघडतं. कुणाचा बारकोड कुठे वापरायचा यावरूनच भांडणं पेटतात, ही कल्पना फार नामी आहे. उलगडा सगळ्यांना पटतोच असं नाही, पण चर्चेसाठी ते बरंच. आवडली तर त्यांचीच 'जज' आहे, सहा खंडांची.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार! बारकोडचं वाचूनच 'डाउट' नक्की केली. एकच विचारायचं होतं: कट्ट्यावर दोन आजी आहेत, वाचनात पक्क्या, पण हिंसा त्यांना सोसेल का?

प्रतिसाद २

पहिल्याच खंडात टांगलेलं प्रेत दिसतं आणि पुढेही मृत्यू आहेत. आधी सांगून ठेवा, म्हणजे ज्यांना नको ते त्या महिन्यापुरते थांबतील. आणि नवख्यांना पान उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं हे पहिल्या दिवशीच एक पान समोर धरून दाखवा. नाहीतर संवाद उलटसुलट वाचले जातात आणि कोण कुणावर संशय घेतंय तेच कळत नाही.