घरातली ‘किल्ली’ की ‘चावी’?

शब्दवेडी: काल मुलानं आजीला विचारलं, "कपाटाची चावी कुठंय?" आजीनं कमरेला खोचलेला जुडगा काढला, पण हातात देण्याआधी म्हणाली, "किल्ली म्हण रे." मला आजीचं पटतं. किल्ली संस्कृत ‘कील’वरून आली. कील म्हणजे मेख, खुंटी. आपला खिळाही त्याच कुळातला. चावी मात्र पोर्तुगीजांची. घरचा शब्द असताना उसना कशाला? सावरकरांनी ‘मेयर’ला ‘महापौर’ दिला आणि तो रुळला. इथे तर नवा शब्द घडवायचेही कष्ट नाहीत.

खाडीपलीकडचा: साफ अमान्य. चावी परकी म्हणून नको, तर ती ज्यात फिरते त्या कुलपाचं काय? मूळ अरबी ‘कुफ्ल’, फारसीमार्गे आलेलं. आपल्या तोंडी फ-ल ची अदलाबदल झाली. दाराची बिजागरीही पोर्तुगीजच. वसई 1534 ते 1739 त्यांच्याकडे होती. दोनशे वर्षं शेजार असल्यावर शब्द येणारच. आणखी एक गंमत बघा: आजचे पोर्तुगीज ‘शाव्ह’ म्हणतात. जुन्या उच्चारात तिथे ‘च’ होता. त्यांच्याकडे बदलला, आपल्या चावीत टिकला. असा शब्द मी तरी टाकणार नाही.

शब्दवेडी: कुलपाला ‘टाळं’ आहे की!

खाडीपलीकडचा: आहे, पण कारखान्याला टाळं लागतं. डब्याला, सायकलला कुलूपच.

जुनी वही: तुमच्या दोघांच्या मधलं सांगते. दोन्ही शब्दांनी कामं वाटून घेतली आहेत. आमच्याकडे घड्याळाला किल्ली देतात आणि पाणी आलं की नळाची चावी सोडतात. ‘गुरुचावी’ कुणी म्हणत नाही, आणि दोघांत भांडण लावणारा ‘चावी’च फिरवतो. एक काढलात तर दुसऱ्याला ही सगळी कामं जमायची नाहीत. शिवाय पोर्तुगीज शब्दामागे लॅटिन ‘क्लाविस’ आहे आणि त्याचा सख्खा ‘क्लावुस’ म्हणजे खिळा! म्हणजे तिकडेही मेखच.

शब्दवेडी: खिळ्याचं माहीत नव्हतं, आजीला आजच सांगते. नळाची चावी मान्य. कपाटाची मात्र आमच्या घरी किल्लीच राहील. मुलांच्या तोंडून ती जाताना मला दिसते आहे.