कोट ऑफ आर्म्स : राजमुद्रा, राजचिन्ह की बोधचिन्ह?

एका संग्रहालयाच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. त्यात संस्थानांच्या 'कोट ऑफ आर्म्स'वर, म्हणजे ढाल, प्राणी आणि वाक्य असलेल्या त्यांच्या चिन्हांवर, दोन पानं आहेत आणि शेवटी भारताच्या नि महाराष्ट्राच्या चिन्हाचा उल्लेख. मी सगळीकडे 'राजमुद्रा' लिहून मोकळी झाले. संपादकांनी सगळीकडे 'बोधचिन्ह' करून परत पाठवलं. मला बोधचिन्ह म्हटलं की संमेलनाचं नाहीतर क्रीडास्पर्धेचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. राजमुद्रा चूक आहे का?

—

बोधचिन्ह आधी काढून टाका. ते लोगोला ठीक आहे. दर वर्षी नवं करता येतं, स्पर्धा ठेवून मागवता येतं.

राजमुद्रेचं मात्र तेवढं सोपं नाही. मुद्रा म्हणजे ठसा, आणि ठसा उमटवायचं साधनही. बोटातली मुद्रिका त्यातलीच, मुद्रण आणि मुद्रक त्यातलेच. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा घ्या: 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥' प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाला वंद्य अशी ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा कल्याणासाठी शोभते आहे. दख्खनमध्ये फारसी शिक्क्यांचा रिवाज असताना हा संस्कृत श्लोक. सिंह नाही, ढाल नाही, सगळा भार अक्षरांवर.

ही मुद्रा पत्राच्या माथ्यावर. मजकूर संपला की खाली दुसरी, लहान: 'मर्यादेयं विराजते'. मर्यादा म्हणजे इथं हद्द. मजकूर इथं संपला, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. या शेवटच्या ठशाला मोर्तब म्हणत. आपण 'शिक्कामोर्तब' एका दमात म्हणतो, पण ते मुळात दोन ठसे, एक वरचा आणि एक खालचा.

मोर्तब हा अरबी 'मुरत्तब'वरून आला, म्हणजे नीट लावून सिद्ध केलेलं. मानमरातबातला 'मरातब' त्याच धातूचा. मोगल बादशहाकडून मिळणारा 'माहीमरातब' हा माशाच्या चिन्हाचा मान. माही म्हणजे मासा. अवधच्या नवाबांनी माशांची जोडी मिरवली आणि ती आजही उत्तर प्रदेश शासनाच्या चिन्हात पोहते आहे. विषय सोडून वाहवलो, पण हा मासा मला फार आवडतो.

—

'कोट' आणि 'आर्म्स' दोन्ही शब्द फसवे आहेत. कोट म्हणजे चिलखतावर घालायचा कापडी अंगरखा. बाराव्या शतकात युरोपातल्या सरदारांचं तोंड शिरस्त्राणात झाकलेलं असे, आपला कोण नि परका कोण कळेना. म्हणून ढालीवर ठळक रंगात खूण रंगवायची. तीच खूण पुढे अंगरख्यावर आली. त्या खुणेलाच 'आर्म्स' म्हणू लागले, शब्दशः शस्त्रांशी संबंध उरला नाही. खूण बापाकडून मुलाकडे जायला लागली तेव्हा ती कुळाची झाली. म्हणून सरदार घराण्यापुरतं बोलायचं तर 'कुलचिन्ह' नेमकं बसतं.

म्हणजे वरच्या प्रतिसादातली मुद्रा कागदावर जन्मली आणि ही खूण रणांगणावर. नंतर दोघी शिक्क्याच्या लाखेत भेटल्या, एवढंच.

तुमच्या संस्थानांच्या पानांसाठी एक गोष्ट उपयोगी पडेल. १८७७च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने संस्थानिकांना मोठमोठी निशाणं दिली. त्यांवरची ढालीची चित्रं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्यानं रचली होती. म्हणजे संस्थानांच्या चिन्हांतला मजकूर अनेकदा इथला जुना, चौकट मात्र विलायती: मध्ये ढाल, दोन बाजूंना दोन प्राणी, खाली फितीवर वाक्य. कर्नाटक शासनाचं चिन्ह पाहा, मांडणी अगदी तीच. ढालीवर म्हैसूरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड, दोन बाजूंना हत्तीच्या तोंडाचे सिंह आणि वर अशोकाचे सिंह.

—

मग भारताच्या चिन्हाला राजमुद्रा म्हणणं चूकच ना? त्यात ढालही नाही आणि ठसाही नाही, ते तर शिल्प आहे.

—

शिल्पच आहे, सारनाथच्या स्तंभाचा माथा. १९०४-०५च्या उत्खननात ओर्टेल यांना तो सापडला. पाठीला पाठ लावून चार सिंह, चित्रात तीनच दिसतात. खालच्या पट्टीवर मध्ये चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. हत्ती आणि चौथा प्राणी, म्हणजे चालता सिंह, मागच्या बाजूला गेले. मूळ शिल्पातलं घंटेच्या आकाराचं उलटं कमळ चिन्हात घेतलेलं नाही. २६ जानेवारी १९५० पासून हे आपलं चिन्ह.

पण चूक म्हणायची घाई नको. या चिन्हाचा गैरवापर रोखणाऱ्या २००५च्या कायद्यात चिन्हाची व्याख्याच 'शासनाची अधिकृत मुद्रा म्हणून वापरायचं चिन्ह' अशा अर्थाची आहे. मुद्रा म्हणजे ठसा असेल, तर सरकारी कागदावर ते ठशाचंच काम करतं. परवानगीशिवाय वापरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा लग्नपत्रिकेवर सिंह छापणाऱ्यांनी जपून. माझ्या मते चित्राबद्दल बोलताना राजचिन्ह, त्याचा शिक्का म्हणून उल्लेख असेल तिथे राजमुद्रा.

महाराष्ट्राच्या बाबतीत तर वादच नको. मध्ये समई, भोवती कमळाच्या पाकळ्या आणि कडेने श्लोक: '...महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते'. ती स्वतःच स्वतःला मुद्रा म्हणवते. संपादकांना ही ओळ दाखवा.

—

खालच्या वाक्याबद्दल कुणीच बोललं नाही. 'सत्यमेव जयते' मुंडकोपनिषदातलं आणि ते चिन्हाचाच भाग आहे. नुसते सिंह काढले तर चिन्ह अपुरं. अशा वाक्याला आपण 'ब्रीदवाक्य' म्हणतो, आणि हा शब्द या धाग्यात चपखल बसतो. ब्रीद हे संस्कृत 'बिरुद'चं मराठी रूप. संतांच्या अभंगांत देवाच्या पायी 'ब्रीदाचा तोडर' असतो. तोडर म्हणजे पायातला दागिना. आपली प्रतिज्ञा, आपली कीर्ती लोकांना दिसावी म्हणून पायात घालायची. म्हणजे ब्रीद आधी अंगावर मिरवायची वस्तू होती, वाक्य नंतर झालं. त्या सरदारांच्या अंगरख्यापासून फार लांब नाही हे. 'घोषवाक्य' मात्र लिहू नका, ते मोर्चात शोभतं.

—

सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: घराण्यांना कुलचिन्ह, संस्थानांना आणि भारताला राजचिन्ह, महाराष्ट्राला राजमुद्रा, वाक्याला ब्रीद. 'कोट ऑफ आर्म्स' फक्त पहिल्यांदा, अवतरणात. एक अडलंय. शिरस्त्राणाच्या टोकावर जे 'क्रेस्ट' असतं त्याला शिरपेच म्हणू की तुरा? पत्रकात पूर्ण चिन्हालाच क्रेस्ट म्हटलंय, ते मी दुरुस्त करतेय.

—

तुरा. शिरपेच पागोट्याला बांधतात, तो कपाळावर येतो. हे डोक्याच्या वर उभं असतं.