अनुभव धागा: छोटी पॅकेट्स, नेगलचा अल्गोरिदम आणि अडकलेले ४० मिलिसेकंद

टीसीपीवर (इंटरनेटवर डेटा खात्रीने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलवर) दहा-वीस बाइटचे संदेश पाठवणाऱ्यांना हे कोडं कधी तरी पडतंच: सर्व्हर निवांत, लाइन मोकळी, तरी उत्तर उशिरा. टेलनेटवर (दूरच्या संगणकावर टाइप करून काम करण्याच्या सोयीवर) एका अक्षरामागे ४० बाइटचं हेडर जायचं, म्हणून जॉन नेगल यांनी १९८४ साली आरएफसी ८९६ या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात सुचवलं की आधीच्या डेटाची पोच येईपर्यंत पुढचे छोटे तुकडे साठवून ठेवावेत. हाच नेगलचा अल्गोरिदम. तुम्ही तो कधी बंद केलात, कधी राहू दिलात? काय मोजलंत तेही लिहा.

प्रतिसाद: पेमेंट सेवा
लिनक्सवर आमची प्रत्येक विनंती ४० मिलिसेकंदांनी मागे पडायची. नेटवर्कचा उशीर असा घड्याळ लावून येत नाही, म्हणून टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) लावला. क्लायंट हेडर एका राइटमध्ये आणि मजकूर दुसऱ्या राइटमध्ये पाठवत होता. पहिला तुकडा लगेच गेला. दुसरा नेगलने धरून ठेवला, कारण पहिल्याची पोच यायची होती. पलीकडे डिलेड ॲक (पोच लगेच न पाठवता ठरावीक वेळ थांबण्याची सोय) चालू, म्हणजे पोच उत्तरासोबत जाणार. आणि पूर्ण विनंती हातात आल्याशिवाय उत्तर कसलं तयार होणार! टायमर संपला की मगच गाडं हलायचं. टीसीपी नोडिले (नेगल बंद करणारा पर्याय) लावताच उशीर गेला, पण पॅकेट्स अजूनही दोन जात होती. म्हणून राइटव्ही (अनेक तुकडे एकदम लिहिणारा सिस्टिम कॉल) वापरून दोन्ही तुकडे एकाच कॉलमध्ये पाठवले. माझ्या मते खरा उपाय हाच.

प्रतिसाद: कारखान्यातलं ऑटोमेशन
आमच्याकडे पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आणि विंडोज पीसी. तिथे हाच उशीर २०० मिलिसेकंदांच्या घरात दिसतो. पीएलसीच्या फर्मवेअरला हात लावता येत नव्हता, म्हणून पीसीच्या रजिस्ट्रीत टीसीपीॲकफ्रीक्वेन्सी (किती पॅकेट्समागे पोच द्यायची ते ठरवणारी नोंद) १ केली. पोच लगेच जाऊ लागली.

प्रतिसाद: पाणीपातळीचे सेन्सर
मी उलट बाजूने लिहिते. गो भाषा टीसीपी जोडणीवर नोडिले आपसूक लावते. आमचा लॉगर टूजी लाइनवरून बारीक बारीक नोंदी पाठवायचा आणि प्रत्येक नोंदीमागे हेडरचा भार वेगळा. इथे कुणी उत्तराची वाट बघत नाही, अर्धा सेकंद इकडे-तिकडे झाला तरी चालतं. सेटनोडिलेला फॉल्स दिलं, म्हणजे नेगल पुन्हा चालू केला, नोंदी एकत्र जाऊ लागल्या, डेटाचा खर्च उतरला. उशीर दिसला की डोळे मिटून नोडिले लावा, हा सल्ला मला पटत नाही.

प्रतिसाद: लिनक्स सर्व्हर
पेमेंटवाल्यांना जोडून: डिलेड ॲकचं घोडं बहुतेकांच्या लक्षात येत नाही, सगळा दोष नेगलवर जातो. खुद्द नेगल यांनीही पुढे डिलेड ॲककडेच बोट दाखवलं आहे. लिनक्समध्ये टीसीपी क्विकॲक (पोच लगेच पाठवायला लावणारा पर्याय) आहे, पण तो एकदा लावला की कायम राहत नाही. रिसीव्हनंतर पुन्हा लावावा लागतो. क्लायंटचा कोड आपल्या हातात नसेल तेव्हाच मी त्या वाटेला जातो. टीसीपी कॉर्क (पॅकेट भरेपर्यंत छोटे तुकडे रोखून धरणारा पर्याय) इथे कुणी वापरलंय का? मोठ्या फाइलआधी छोटं हेडर जातं तिथे मला ते नोडिलेपेक्षा बरं वाटलं.