उजवा बोलतो, डावा गप्प : इअरबड्सच्या तक्रारी आणि तुमचे अनुभव

परवा रात्री डावा इअरबड डबीत ठेवला तेव्हा त्याचा दिवा लागला नाही. बोटाने दाबून धरल्यावर लागला आणि बोट काढताच पुन्हा विझला. ती उघडझाप पाहताना मला आमच्या घरातला ट्रान्झिस्टर आठवला. सकाळच्या बातम्या चालू असताना तो मध्येच गप्प व्हायचा, मग वडील मागचे झाकण उघडून सेल काढायचे, सेलची टोके आणि डब्यातली स्प्रिंग पॉलिश पेपरने घासायचे, तोवर सेल खिडकीतल्या उन्हात पडलेले असायचे, आणि आवाज परत आला की आमच्याकडे न बघता म्हणायचे, "बिघडलेले काही नव्हते, कॉन्टॅक्ट मिळत नव्हता."

मीही तेच केले. बडच्या खालच्या टोकाला ज्या दोन सोनेरी टिकल्या असतात त्यांच्यावर काळपट थर बसला होता. पॉलिश पेपरचा बारीक तुकडा फिरवला आणि दिवा लागला. त्याआधीचे आठ दिवस मी फोन बंद-चालू करण्यात, अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यात आणि नव्या जोडीच्या किमती पाहण्यात घालवले होते. ज्यांच्या बड्सनी जोडणीत किंवा चार्जिंगमध्ये असा त्रास दिला असेल, त्यांनी कृपया लिहावे. उपाय सापडला नसला तरी लिहावे.

सोल्डर
माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून आधी एक विनंती करतो : पॉलिश पेपर पुन्हा वापरू नका. त्या टिकल्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो खरवडला गेला की खालचा धातू घामातल्या मिठाने आणखी लवकर खराब होतो आणि दोन-तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच येता. कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टिकल्या पुसाव्यात, डबीच्या खोबणीतल्या पिनाही पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच बड आत ठेवावा. त्या पिनांच्या आत छोटी स्प्रिंग असते. लाकडी दातकोरण्याने हलके दाबून पाहावे. पिन वर आली नाही, तर दोष बडमध्ये नसून डबीत आहे.

दुसरे म्हणजे, बडमधला सेल फार लहान असतो, साधारण तीस ते साठ मिलिअँपिअर-तासांचा. तो महिनोन्‌महिने रिकामा पडून राहिला तर त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) इतका खाली जातो की दिवाही लागत नाही. असा बड डबीत ठेवून डबी दोन-तीन तास चार्जिंगला लावून पाहावी; काही बड उठतात, काही उठत नाहीत. सेल बदलून द्या म्हणून लोक येतात, पण बडचे कवच चिकटवलेले असते, ते उघडताना बहुधा तुटते आणि नाही तुटले तरी घाम अडवण्याचा गुण जातो. डबी मी दुरुस्त करून देतो, बडला मात्र सहसा नकार देतो.

लोकल ८.०५
माझी अडचण चार्जिंगची नव्हती. घरातून निघताना बड कानात घातले की ते जोडले जायचेच नाहीत आणि डोंबिवली स्टेशन आले की आपोआप जोडले जायचे. मी हा प्रकार हवामानावर ढकलून मोकळा झालो होतो. खरे कारण असे निघाले की घरी लॅपटॉप झाकण मिटूनही जागा असायचा आणि बड डबीतून निघताच तोच त्यांना आधी पकडायचा. लॅपटॉपच्या यादीतून बड काढून टाकले आणि प्रश्न मिटला.

गाडीतला आवाज मात्र अजून तुटतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत चालते, त्यामुळे गर्दीत एरवी निभावून जाते. पण फोन मागच्या खिशात असला की मध्ये आपले शरीर येते, आणि शरीरातले पाणी ह्या लहरी शोषून घेते. फोन छातीच्या खिशात ठेवायला लागल्यापासून आवाज पुष्कळ कमी तुटतो. त्या गर्दीत छातीचा खिसा सुरक्षित आहे का, हा प्रश्न वेगळा.

गवतीचहा
मी फोनवर मैत्रिणीला "माझे एक कानातले हरवले" असे सांगत होते, तर स्वयंपाकघरातून आई धावत आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला की किती ग्रॅमचे होते. बड सोफ्याच्या फटीत सापडला. तो चालू आहे, त्यामुळे माझ्याकडे तक्रार नाही.

आजीची पर्स
गवतीचहा, आमच्याकडे हाच विनोद उलटा झाला : सासूबाईंच्या कुड्यांच्या डबीत बड गेले आणि इअरबड्सच्या डबीत कुड्या.

विषयाला धरून सांगायचे तर माझा त्रास धागाकर्त्याच्या त्रासाचाच पुढचा भाग आहे. उजव्या बडचा डबीतल्या पिनेशी संपर्क होत नसल्यामुळे आपण डबीत परत आलो आहोत हे त्याला कळायचेच नाही. तो चालूच राहायचा आणि फोनशी जोडलेलाही राहायचा. यजमानांचा फोन आला की मी उचलायची, "हॅलो, हॅलो" करायची, आणि त्यांचा आवाज पर्समधल्या बंद डबीत चाललेला असायचा. मी मुद्दाम बोलत नाही, असा त्यांचा चार दिवस समज होता.

पावसाळी रत्नागिरी
आमच्याकडे जून ते सप्टेंबर ह्या पिनांवर हिरवट बुरशीसारखे काहीतरी दिसते. ती बुरशी नसते, तांब्यावर चढणारा कळंक असतो. औषधांच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या मी साठवून ठेवते आणि रात्री बड्सची डबी त्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवते. तांदळात ठेवण्याचा उपाय मीही केला होता. त्याने ओलावा फारसा गेला नाही, उलट तांदळाचा कोंडा पिनांत अडकला.

जोडणीबाबत एक अनुभव : फोनच्या यादीत माझ्या बड्सची नावे दोनदा दिसू लागली, एक डाव्याचे आणि एक उजव्याचे, आणि एका वेळी एकाच कानात आवाज येई. दोघांची आपापसातली ओळख तुटली की असे होते. फोनमधून दोन्ही नोंदी काढल्या, दोन्ही बड डबीत ठेवून डबीचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरले, आधी बड्सना एकमेकांना शोधू दिले आणि मगच फोनचे ब्लूटूथ चालू केले. मी पहिल्या तीन वेळा हा क्रम चुकवला होता, म्हणून इतके सविस्तर लिहिले. बटण किती सेकंद दाबायचे हे प्रत्येक मॉडेलचे निराळे असते.

रोधक
डबी चार्जच होत नाही म्हणणाऱ्यांनी आधी केबल पाहावी. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने काही स्वस्त डब्या चार्ज होत नाहीत, आणि जुन्या चौकोनी टोकाच्या केबलने त्याच डब्या व्यवस्थित चार्ज होतात. टाइप-सीच्या नियमाप्रमाणे उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन रोधक (रेझिस्टर) असावे लागतात. ते दिसले नाहीत तर समोरचा चार्जर वीज सोडतच नाही. काही उत्पादक हे नगण्य किमतीचे रोधक वाचवतात. जुना चौकोनी पोर्ट अशी चौकशी करत नाही, तो सरळ पाच व्होल्ट देतो. मी ह्याच कारणाने एक चांगली डबी मृत समजून भावाला देऊन टाकली होती आणि तो ती अजून वापरतो आहे.

पॉवर बँकेचेही असेच होते. डबी इतकी कमी वीज ओढते की समोर काही जोडलेलेच नाही असे समजून पॉवर बँक थोड्या वेळाने बंद होते.

वऱ्हाडी ऊन
मे महिन्यात डबी गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली. संध्याकाळी चार्जिंगला लावली तर लाल दिवा लुकलुकत राहिला आणि टक्का वाढेना. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून चांगल्या डब्या स्वतःच चार्जिंग थांबवतात. तासभर माठाजवळच्या सावलीत ठेवली आणि चार्जिंग सुरू झाले. फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह आवरला, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरले असते.

बर्फातला पुणेकर
मिनेसोटात नेमके उलटे होते. उणे वीस अंशांत चालायला निघालो की अर्धा भरलेला बड दहा मिनिटांत मान टाकतो आणि घरात ऊब मिळाली की पुन्हा जिवंत होतो. शून्याखाली हे सेल चार्ज करणे त्यांना अपायकारक असते, त्यामुळे आल्या आल्या लगेच डबीत ठेवत नाही. वऱ्हाडी ऊन, तुमचा तो माठ इकडे पाठवा.

निवृत्त मास्तर
डाव्या कानाने कमी ऐकू येते अशी माझी खात्री पटली होती, म्हणून मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितले की कान स्वच्छ आहे, आता खिशातले ते यंत्र दाखवा. बडच्या जाळीत मळ घट्ट बसलेला होता. त्यांनीच सुचवल्याप्रमाणे रबरी टोपी काढून, जाळी खाली धरून, कोरड्या मऊ ब्रशने झाडली. तरीही थोडा फरक उरलाच होता. नातवाने फोनच्या सुलभता विभागात जाऊन पाहिले, तर डाव्या-उजव्याचा तोल सांभाळणारी पट्टी उजवीकडे सरकलेली होती. ती कोणी सरकवली ह्याचा तपास चालू आहे आणि संशय नातवावरच आहे.

जुनी जोडी
माझी जोडी साडेतीन वर्षांची आहे. सफाई, रिसेट, केबल, सारे करून झाले. उजवा बड शंभर टक्के दाखवतो आणि वीस मिनिटांत संपतो. सोल्डर, ह्याला काही उपाय आहे का?

सोल्डर
नाही. सेल म्हातारा झाला आहे. घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. पॉलिश पेपर पुन्हा ट्रान्झिस्टरच्या खणात ठेवला आहे. रोधक, आपला प्रतिसाद वाचून घरातली दुसरी डबी जुन्या केबलला लावली, आणि सहा महिने बंद म्हणून पडलेल्या त्या डबीचा दिवा लागला. सोल्डर, अल्कोहोलने सफाई केली. आता उजवी पिन दाबल्यावर लगेच वर येते, डावी मात्र जरा रेंगाळते. काही करावे का?

सोल्डर
अल्कोहोलचा आणखी एक थेंब देऊन ती दहा-बारा वेळा हलके दाबा. तरीही रेंगाळली तर तशीच वापरा आणि अडकेल त्या दिवशी डबी दुकानात घेऊन जा.